भाषण एक, बातम्या दहा: सभांच्या बातम्यांतल्या पक्षपाताविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या माडीवर महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही पंधरा-वीस जण जमतो. एका राजकीय भाषणाची चित्रफीत आधी सलग, पूर्ण बघायची. मग त्या भाषणाच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या आणि चॅनेलांनी दाखवलेले तुकडे शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहायचे, एवढंच काम. येणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, कॉलेजची मुलं आहेत, कोथरूडहून येणाऱ्या दोघी जावा आहेत, आणि जवळपास प्रत्येक पक्षाचे समर्थक आहेत. मी स्वतः १९ वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून त्यांना मथळे देणाऱ्या विभागात, काढली. तिथे पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

मीडिया खरंच पक्षपाती असतो, की मलाच तसं वाटतं?

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि बरेचदा असतंच.

१९८२ मध्ये बैरूतच्या साब्रा आणि शातिला या वस्त्यांत निर्वासितांचं हत्याकांड झालं. त्याच्या अमेरिकी टीव्हीवरच्या बातम्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन गटांतल्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. एक गट इस्रायलच्या बाजूचा, दुसरा अरबांच्या. बातम्या अगदी त्याच. पहिला गट म्हणाला, या बातम्या इस्रायलच्या विरोधात आहेत. दुसरा म्हणाला, इस्रायलला सांभाळून घेतलंय. एवढंच नाही, तर तिऱ्हाईत माणूस या बातम्या बघून आपल्या विरोधात जाईल, असंही दोघांना वाटलं. व्हॅलोन, रॉस आणि लेपर या तिघांनी १९८५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे, विषयाची जास्त माहिती असलेल्यांना पक्षपात कमी नाही, जास्त दिसला. आपण फार वाचतो म्हणून आपली नजर स्वच्छ, हे गृहीत धरता येत नाही.

आमच्या माडीवरही हे घडतं. एकदा एकाच बातमीच्या दोन झेरॉक्स दोघांना दिल्या आणि खटकलेल्या जागी लाल खूण करा म्हटलं. एकानं उपमथळा रंगवला, दुसऱ्यानं फोटोची ओळ. दोघांचंही म्हणणं एकच होतं, की ही बातमी आमच्या नेत्याला पाडायला लिहिली आहे. नेते अर्थातच वेगवेगळे.

म्हणजे पक्षपात हा नुसता मनाचा खेळ?

मुळीच नाही. वाचकाची नजर तिरकी असली म्हणून बातमी सरळ ठरत नाही. उलट अभ्यासाचा आधार घेऊन 'दोन्ही बाजू नाराज आहेत, म्हणजे आमचं बरोबर आहे' असं म्हणणारे संपादक मी पाहिले आहेत. हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. दोन्ही बाजू नाराज असूनही बातमी चुकीची असू शकते. म्हणून आम्ही 'वाटतं' वर थांबत नाही, मोजता येईल ते मोजतो: क्रियापदं, ओळी, सेकंद, फोटो, प्रतिक्रिया देणाऱ्यांची नावं.

क्रियापदं कशी मोजायची? त्यात काय असतं?

सगळ्यात जास्त माल तिथेच असतो. म्हणून जरा सविस्तर सांगते.

राजकीय बातमीत 'म्हणाले' हे क्रियापद सगळ्यात स्वच्छ, आणि मथळ्यात ते जवळपास कधीच सापडत नाही. त्याच्या जागी काय येतं ते बघा. 'ठणकावलं', 'सुनावलं', 'खडसावलं' असं लिहिलं, की बोलणारा वरचढ ठरला. 'आगपाखड केली', 'थयथयाट केला' म्हटलं, की त्याचा तोल सुटला. 'कबुली दिली' म्हटलं, की गुन्हा आधीच घडलेला. 'सारवासारव केली' म्हणजे तो खोटं बोलतोय. 'अखेर मौन सोडलं' म्हणजे इतके दिवस तोंड लपवत होता. 'घणाघात', 'हल्लाबोल', 'तोफ डागली' ही सगळी लढाईची भाषा, आणि तिच्यात नेता नेमकं काय म्हणाला यापेक्षा कोणावर म्हणाला हेच मोठं होतं. 'खोचक टोला' तर इतका वापरलाय की त्याची टोकच गेली आहे, तरी तो रोज छापला जातो.

यातला प्रत्येक शब्द हा निकाल आहे. वाचकानं भाषण ऐकायच्या आधी तो त्याच्या हातात दिला जातो. आणि गंमत म्हणून नाही, खरोखर करून बघा: एक वही घ्या, दोन उभे रकाने आखा, आणि पंधरा दिवस तुमच्या रोजच्या पेपरात सत्ताधाऱ्यांच्या तोंडी कोणतं क्रियापद येतं आणि विरोधकांच्या तोंडी कोणतं, एवढंच लिहून काढा. एका बाजूला 'स्पष्ट केलं', 'ग्वाही दिली', 'सांगितलं' आणि दुसऱ्या बाजूला 'दावा केला', 'टीका केली', 'आरोप केला' अशी रांग लागली, तर तुम्हाला कोणाला विचारायची गरज उरणार नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. 'दावा केला' हा शब्द वाईट नाही. आकडा पडताळलेला नसेल तर तो शब्द वापरलाच पाहिजे. प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा एकाचा न पडताळलेला आकडा 'सांगितला' जातो आणि दुसऱ्याचा तसाच आकडा 'दावा' ठरतो.

एकाच वाक्याचे चार वेगवेगळे मथळे कसे होतात? त्यातला खरा कोणता?

समजा, एखादा नेता सभेत म्हणाला: 'सरकारशी चर्चेला आमची ना नाही, पण या दोन मागण्या मान्य झाल्याशिवाय आम्ही बसणार नाही.' हे वाक्य मी सरावासाठी रचलंय, पण असली वाक्यं तुम्ही शेकड्यांनी ऐकली असतील. यातून सहज निघणारे मथळे:

'चर्चेची दारं खुली'
'मागण्या मान्य केल्याशिवाय चर्चा नाही'
'अखेर नरमले, चर्चेला तयार'
'सरकारला निर्वाणीचा इशारा'

पहिल्या दोन मथळ्यांनी वाक्य अर्ध्यावर मोडून एकेक तुकडा उचललाय. दोन्ही तुकडे खरे आहेत, आणि दोन्ही वाचून माणूस वेगळ्या समजुतीनं चहा पितो. तिसऱ्यातले 'अखेर' आणि 'नरमले' हे दोन शब्द वाक्यात कुठेच नाहीत. ते डेस्कवरून आले. चौथ्यात मजकूरच बदलला. मला विचाराल तर तिसरा सगळ्यात वाईट, कारण तो बातमीसारखा दिसतो आणि असतो अग्रलेख.

डेस्कची बाजूही सांगते. मथळ्याला मोजक्या शब्दांची जागा असते आणि 'पण'च्या दोन्ही बाजू तिथे मावत नाहीत. म्हणून मी शिकाऊ मुलांना सांगायचे, की एक बाजू मथळ्यात गेली तर दुसरी उपमथळ्यात गेलीच पाहिजे. आतल्या पानावरच्या सातव्या परिच्छेदात नव्हे.

भाषण तासाभराचं, टीव्हीवर दाखवलं एक वाक्य. हा पक्षपात नाही?

बरेचदा हा वेळेचा जाच असतो, आणि तो सगळ्याच पक्षांना बसतो. डॅनिअल हॅलिन या अभ्यासकानं अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकांच्या संध्याकाळच्या टीव्ही बातम्या मोजल्या. उमेदवाराला सलग बोलू दिलेला वेळ १९६८ मध्ये सरासरी ४३ सेकंद होता, १९८८ मध्ये ९ सेकंद. राहिलेली जागा वार्ताहराच्या आणि तज्ज्ञांच्या बोलण्यानं भरून गेली. नेता काय म्हणाला याऐवजी त्याच्या म्हणण्याचा अर्थ काय, हे सांगणं वाढलं. आपल्याकडच्या चर्चांमध्ये तुम्ही घड्याळ लावून बघा: भाषणाचा तुकडा किती सेकंद आणि त्यावरचा गदारोळ किती मिनिटं.

वर्तमानपत्राचा जाच वेगळा. पुण्यात सभेची वेळ सातची असते, मुख्य नेता नऊ-सव्वानऊला व्यासपीठावर येतो आणि रात्री १० वाजता लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. तोवर बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटायच्या बेतात असते. मग भोर-वेल्ह्याच्या वाचकाला मिळते ती पहिल्या दहा मिनिटांची बातमी, आणि शहर आवृत्तीत येतो शेवटचा भाग. दोन्हीकडे नाव त्याच पेपरचं. एका वाचकाला वाटतं नेता रस्त्यांवर बोलला, दुसऱ्याला वाटतं त्यानं फक्त शिव्या घातल्या.

पण हा जाच म्हणजे सरसकट माफी नव्हे. ९ सेकंद कोणते निवडायचे, हे कुणीतरी ठरवतं. एका नेत्याचे नेहमी मुद्द्याचे ९ सेकंद आणि दुसऱ्याचे नेहमी जीभ घसरल्याचे ९ सेकंद दिसत असतील, तर त्याला वेळेचा जाच म्हणता येणार नाही.

मी सभेला होतो. मैदान भरलेलं होतं. सकाळी पेपरात रिकाम्या खुर्च्यांचा फोटो. हे खोटं नाही का?

तो फोटो कधी काढला हे कळेपर्यंत खोटं म्हणू नका. साडेसातला शेवटच्या रांगा रिकाम्या असतात, नऊला भरतात. नेता बोलत असताना लोक उठून जातात तेही खरं असतं. फोटोच्या ओळीत वेळ छापायची पद्धत असती तर निम्मे वाद मिटले असते. आम्ही डेस्कवर ती सुरू करावी म्हणून मी तीनदा सुचवलं होतं. ते झालं नाही.

गर्दीच्या आकड्याचं मात्र गणित आहे. १९६०च्या दशकात बर्कले इथे पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी ते मांडलं. विरळ गर्दीत माणसाला साधारण १० चौरस फूट लागतात, दाट गर्दीत साडेचार. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. म्हणजे एकराच्या मैदानात विरळ गर्दी सव्वाचार हजारांच्या आसपास आणि दाट गर्दी साडेनऊ हजारांच्या. व्यासपीठ, मोकळा पट्टा आणि व्हीआयपींचे सोफे वजा करायचे ते वेगळंच. पुण्यातलं कोणतंही मैदान नकाशावर मोजता येतं. एकदा मोजलंत की 'लाखोंचा जनसागर' आणि 'सभेकडे पाठ' या दोन्ही मथळ्यांकडे तुम्ही शांतपणे बघू शकाल.

'नेटकरी संतापले' असं लिहितात ते नेटकरी कोण?

कधी कधी तिघे. हे मी जबाबदारीनं लिहिते आहे. भाषणानंतर दहा मिनिटांत बातमी लावायची असते, आणि तीन-चार खोचक पोस्ट शोधून त्यांच्यावर 'सोशल मीडियावर संतापाची लाट' उभी करता येते. कौतुकाची लाटही तशीच उभी राहते. बातमीत पोस्ट किती, कोणाच्या, त्या माणसांचा पक्षाशी संबंध आहे का, हे सांगितलेलं नसेल तर तो परिच्छेद ओलांडून पुढे जा.

आणि विरोधी नेत्याची प्रतिक्रिया? ती तर नावानिशी असते.

नावानिशी असते, पण त्यानं भाषण ऐकलेलं असतंच असं नाही. फोनवरचा संवाद साधारण असा होतो: 'साहेब, अमुक तुमच्याबद्दल असं असं म्हणाले, तुमचं काय म्हणणं?' समोरचा त्या एका वाक्याला उत्तर देतो, तेही बातमीदारानं जसं सांगितलं तशा वाक्याला. मग त्या उत्तरावर पहिल्याची प्रतिक्रिया घेतली जाते. तिसऱ्या दिवशीपर्यंत मूळ भाषणातला पाण्याचा, कचऱ्याचा, पीएमपीच्या बसचा मुद्दा कुठल्या कुठे गेलेला असतो आणि राहिलेली असते दोघांची जुगलबंदी. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त त्रास कशाचा होत असेल तर याचा. यात कोणा एका पक्षाचं नुकसान होत नाही. कात्रजला टँकरची वाट बघणाऱ्या बाईचं होतं.

अलका टॉकीजच्या चौकात किंवा मंडईत माइक धरून घेतलेल्या सामान्य लोकांच्या प्रतिक्रियांचंही तसंच. वीस जणांशी बोलून पाच दाखवतात. राहिलेले पंधरा काय म्हणाले ते कोणालाच कळत नाही.

भाषण संपताच चॅनेल 'किती टक्के लोकांना आवडलं' असा पोल दाखवतात. त्यावर विश्वास ठेवावा का?

ऐकणारे कोण होते, हे आधी विचारा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, 'स्टेट ऑफ द युनियन' भाषण करतात. सीएनएन त्यानंतर लगेच मतचाचणी घेतं आणि बहुतेक वेळा भाषण आवडल्याचं प्रमाण भरपूर येतं, मग अध्यक्ष कोणत्याही पक्षाचा असो. कारण साधं आहे: असं भाषण बघायला अध्यक्षांच्या पक्षाचे लोक जास्त बसतात. हे ते चॅनेल स्वतःच सांगतं. पण पुढे फिरणाऱ्या मथळ्यात ती ओळ गळून पडते.

आपल्याकडे चॅनेलच्या अकाउंटवर बटण दाबून होणारे पोल तर त्याहून कच्चे. त्यात नमुना निवडलेलाच नसतो. ज्यांच्याकडे मतं देणारी फौज तयार आहे, ते जिंकतात.

टाळ्या आणि घोषणा तर खऱ्या असतात ना?

असतात, पण त्या मुद्द्यालाच पडतात असं नाही. १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या मॅक्स ॲटकिन्सन यांनी राजकीय भाषणांतल्या टाळ्या तपासल्या. तीन गोष्टींची यादी आणि 'ते असे, आम्ही असे' हा विरोध, या दोन घडणींवर टाळी हमखास येते, आणि ती साधारण ८ सेकंद टिकते. शनिवारवाड्यासमोरच्या सभा ऐकलेल्या कोणत्याही आजोबांना हे न सांगता माहीत असतं. चॅनेलचा संकलक टाळीचा तुकडा उचलतो, कारण तो जिवंत वाटतो. भाषणातला आकडेवारीचा, निर्णयाचा भाग टाळीविनाच जातो, म्हणून तो दिसत नाही.

मराठी भाषण हिंदी-इंग्रजी चॅनेलवर गेलं की त्याचा अर्थ बदलतो. हे मुद्दाम करतात का?

कधी मुद्दाम, जास्त वेळा घाईनं. परिणाम मात्र सारखाच वाईट. मराठीत 'त्यांना बघून घेऊ', 'यांना घरी बसवा', 'पाणी पाजू' ही बोलण्यातली वळणं आहेत. शब्दशः भाषांतर केलं की 'घरी बसवा' याचा अर्थ निवडणुकीत पाडा, हे दिल्लीतल्या प्रेक्षकाला कळत नाही.

पुण्याला हे नवीन नाही. १९०८ मध्ये 'केसरी'तल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती दावर. ज्यूरीत नऊ जण: सात युरोपियन, दोन पारशी. लेख मराठी, आणि ज्यूरीच्या हातात सरकारी इंग्रजी भाषांतर. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि त्यातला मोठा वेळ त्यांनी हेच दाखवण्यात घालवला, की मूळ मराठी शब्दांची धार भाषांतरात वाढवली आहे आणि ज्यांना मराठी येत नाही त्यांनी या लेखांचा न्याय करणं चुकीचं आहे. निकाल सात विरुद्ध दोन असा गेला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. नुसतं भाषांतर बरोबर असतं तर निकाल फिरला असता, असं मी म्हणणार नाही. सरकारला शिक्षा हवीच होती. पण शब्द दुसऱ्या भाषेत नेताना वाढतो, आणि त्याची किंमत बोलणाऱ्याला मोजावी लागते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

पूर्वीची पत्रकारिता निःपक्षपाती होती. आता सगळं बिघडलं. बरोबर?

नाही. पुण्यातली जुनी पत्रं उघडपणे बाजू घेणारी होती. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' काढलं ते सत्यशोधकांची बाजू मांडायला, कारण इतर पत्रांत शेतकरी-कामकऱ्यांना जागाच नव्हती. १८८१ मध्ये 'केसरी' निघाला, आगरकर त्याचे पहिले संपादक. सामाजिक सुधारणांवरून टिळकांशी पटेना म्हणून ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढलं. १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात लिहिलं, की मुंबई इलाख्यातली बरीचशी पत्रं विशिष्ट जातींचं हित पाहणारी आहेत आणि इतरांची त्यांना पर्वा नाही. पक्षपाताची तक्रार काल-परवाची नाही, हे एवढ्यावरून कळेल. आणि त्या तक्रारीचं उत्तर म्हणून त्यांनी स्वतःचं पत्र काढलं, हेही लक्षात घ्या.

१९३२ मध्ये नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात 'सकाळ' सुरू केला तेव्हा मतापेक्षा बातमीला, गावोगावच्या साध्या बातमीला, महत्त्व देणारं दैनिक ही गोष्ट मराठीत नवी होती. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांचा 'मराठा' पुन्हा उघड बाजू घेऊन उभा राहिला. वाचकाला माहीत होतं की आपण काय विकत घेतोय.

बदललं असेल तर हे: तेव्हा कल पाटीवर लिहिलेला असायचा. आता पाटीवर 'निर्भीड' आणि 'निःपक्ष' असतं, कल शोधावा लागतो.

पक्षाचं मुखपत्र वाचावं का?

जरूर. आपण कोणाचं म्हणणं वाचतोय हे त्यात स्पष्ट असतं. आणि आपल्या नेत्याचं भाषण मुखपत्रात जास्त तपशिलात मिळतं.

पैसे घेऊन बातम्या छापतात हे खरं आहे का?

झालेलं आहे. २००९च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी महाराष्ट्रात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत उमेदवारांच्या स्तुतीचे शब्दशः सारखे मजकूर छापून आले होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं, आणि प्रेस कौन्सिलनं नेमलेल्या दोन सदस्यांच्या समितीनं २०१० मध्ये 'पेड न्यूज'वर सविस्तर अहवाल दिला. खूण सोपी आहे: बातमीत टीकेचं एकही वाक्य नाही, बातमीदाराचं नाव नाही, आणि तोच परिच्छेद दुसऱ्या पेपरात दिसतो. मात्र नुसती गोड बातमी म्हणजे विकत घेतलेली बातमी, असा शिक्का मारू नका. आळसानं प्रसिद्धिपत्रक जसंच्या तसं लावणं, हे त्याहून कितीतरी जास्त वेळा घडतं.

पण लोक या बातम्यांना भुलून मत देतातच ना?

'लोक' म्हणताना आपण स्वतःला वगळतो, हे पकडा. १९८३ मध्ये डेव्हिसन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं याला नाव दिलं, तिऱ्हाइतावरचा परिणाम: माध्यमं दुसऱ्यांना फसवतात, मला नाही, असं जवळपास प्रत्येकाला वाटतं.

महाराष्ट्रातली दोन भाषणं घ्या, दोन्ही २०१९ची. लोकसभेच्या वेळी राज ठाकरे यांच्या 'लाव रे तो व्हिडिओ' सभांनी टीव्ही व्यापून टाकला होता. त्यांचा पक्ष निवडणूक लढवतच नव्हता, तरी सभा थेट दाखवल्या जात होत्या. ज्यांच्या विरोधात ते बोलत होते त्या भाजप-शिवसेना युतीला राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा मिळाल्या. सहा महिन्यांनी, १८ ऑक्टोबरला, साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले. तो फोटो घराघरांत पोचला आणि साताऱ्याची पोटनिवडणूक त्यांच्या पक्षानं जिंकली. एका भाषणाला उदंड प्रसिद्धी, पण हवा तो निकाल नाही; दुसऱ्याला प्रसिद्धी आणि निकालही. यातून 'प्रसिद्धीनं मतं फिरतात' असा नियम काढता येत नाही आणि 'फिरत नाहीत' असाही नाही.

त्या साताऱ्याच्या भाषणात पवार काय म्हणाले होते, हे मी माडीवर विचारलं. पाऊस सगळ्यांना आठवत होता. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, असं ते म्हणाले होते, हे दोघांनाच आठवलं. मोठ्या नेत्यानं भर सभेत चूक मान्य करणं ही खरी बातमी होती, आणि फोटोनं ती गिळली.

घरी सासरे एकच चॅनेल लावतात. वाद होतात. काय करू?

चॅनेल बदला असं सांगू नका, त्यांचा मान दुखावतो. त्यांच्याच आवडत्या नेत्याचं पूर्ण भाषण त्यांच्यासोबत बसून बघा. सगळं. मग तेच भाषण त्यांच्या चॅनेलनं कसं दाखवलं ते बघा. आमच्याकडे येणाऱ्या एका सुनेनं हे केलं. तासाभरानं तिचे सासरे म्हणाले, 'अरे, धरणाबद्दल बोलले ते यांनी दाखवलंच नाही.' आपल्या नेत्याचं चांगलं बोलणंही कापलं जातं, हे दिसलं की माणूस स्वतःहून सावध होतो.

व्हॉट्सॲपवर भाषणाची तीस सेकंदांची क्लिप आली. खरी की खोटी?

बहुतेक क्लिपा खऱ्याच असतात, अर्धवट असतात. वाक्याची सुरुवात 'विरोधक असं म्हणतात की' अशी असेल आणि तेवढीच कापली, तर नेता विरोधकाचं वाक्य स्वतःचं म्हणून बोलताना दिसतो. क्लिपमधले चार-पाच शब्द आणि गावाचं नाव यूट्यूबवर टाका. बहुतेक पक्ष पूर्ण सभा तिथे ठेवतात. आधीचं एक मिनिट आणि नंतरचं एक मिनिट ऐका. पूर्ण भाषण सापडलं नाही तर क्लिप पुढे पाठवू नका.

दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली की प्रश्न मिटला?

नाही. एकानं पुरावा दिला आणि दुसऱ्यानं नुसतं 'हे खोटं आहे' म्हटलं, तर दोघांना सारखे चार-चार परिच्छेद देणं हा वाचकावर अन्याय आहे. आकडा तपासून सांगणं हे बातमीदाराचं काम, ते तराजूवर ढकलून चालत नाही.

तक्रार करायची तर कुठे?

वर्तमानपत्राबद्दल असेल तर आधी संपादकांना लेखी कळवा, तारीख आणि पान घालून. दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाता येतं. दैनिक किंवा साप्ताहिकातला मजकूर असेल तर प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत तक्रार करायची. कौन्सिल ताकीद देऊ शकतं, ठपका ठेवू शकतं; दंड करू शकत नाही. टीव्हीसाठी आधी चॅनेलकडे, प्रक्षेपणापासून ७ दिवसांत. मग चॅनेलांच्या संघटनेनं नेमलेल्या न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स ऑथॉरिटीकडे, पण ते चॅनेल त्या संघटनेचं सदस्य असेल तरच. निवडणुकीच्या काळात पेड न्यूजचा संशय असेल तर जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते.

'तुम्ही पक्षपाती आहात' अशी तक्रार टिकत नाही. 'अमुक वाक्य नेत्यानं उच्चारलेलं नाही, चित्रफितीत इतक्या मिनिटाला त्यानं हे म्हटलंय' ही टिकते.

तुमचा स्वतःचा कल कुठे आहे?

आहे, आणि जवळच्यांना तो माहीत आहे. त्याच्यामुळे माझ्या हातून काय झालं ते सांगते. एका नेत्याचं स्पष्टीकरणाचं भाषण होतं. तो मला आवडत नव्हता. मी उपमथळ्यात 'सारवासारव' लिहिलं, मुख्य उपसंपादकांनी ते तसंच सोडलं. दुसऱ्या दिवशी सासवडहून एका वाचकाचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, 'ताई, ते काय म्हणाले तेवढंच कळलं नाही बघा बातमीतून.' मी बातमी पुन्हा वाचली. खरंच नव्हतं. त्या नेत्याचं स्पष्टीकरण काय होतं, हे एका ओळीतही मी घेतलं नव्हतं. घेतला होता फक्त त्याच्याबद्दलचा माझा निर्णय. आम्ही खुलासा छापला नाही. तो छापायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

शनिवारी यायचं असेल तर काय आणायचं?

एक पेन्सिल आणि वही. भाषण कोणाचं आहे ते आम्ही आधी सांगत नाही. माडीवरचा टीव्ही साडेचारला लागतो, जिना अरुंद आहे म्हणून ज्येष्ठांनी दहा मिनिटं आधी यावं. त्या आठवड्यातले पेपर कपाटात बंद असतात. भाषण पूर्ण बघून झाल्यावरच कपाटाची किल्ली फिरते.